मूठ

अपघातात हेल्मेटला ओरखडाही आला नाही, कारण ते डिकीत जपून ठेवलेलं होतं. डोक्याबद्दल मात्र डॉक्टर काही बोलत नव्हते. आज बेशुद्ध नवऱ्यानं बायकोचं बोट मुठीत धरलं. "डॉक्टर, यांनी ओळखलं मला!" ती ओरडली. "ताई, तळहाताला काही टेकलं की मूठ आपोआप मिटते, तान्ह्या बाळाचीही. सोडायला सांगा. ऐकून सोडलं तर मेंदू जागा आहे, ऑपरेशन करू. नाहीतर कापाकापीत अर्थ नाही." "शुद्धीत असताना तरी हे कुणाचं ऐकायचे?" डॉक्टर हसले नाहीत. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अहो, सोडा ना." मूठ सुटेना. "सोडा म्हणते ना!" मूठ आणखी घट्ट झाली. उभ्या संसारात त्यानं चारचौघांत कधी तिचा हात धरला नव्हता. आता अख्ख्या वॉर्डासमोर धरला, आणि ती रडत विनवत होती, "सोडा हो मला."