चेहऱ्याचं कुलूप

फोनवर कुणी गोड बोललं, की आमचे हे ओटीपी सांगून मोकळे! सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी पेमेंटच्या ॲपला मी माझ्या चेहऱ्याचं कुलूप लावलं. फोनचा पुढचा कॅमेरा बंद पडलेला, म्हणून आमच्या शिलाईच्या दुकानातल्या मोठ्या आरशासमोर उभी राहिले आणि मागच्या कॅमेऱ्यानं आरशातला चेहराच नोंदवून टाकला.

आज कापडवाला दारात ताटकळतोय आणि ॲप बोलतंय, "खात्रीसाठी डोळे मिटा."

आरशाकडे फोन धरून मिटले.

"डोळे उघडे आहेत. पुन्हा प्रयत्न करा."

पुन्हा घट्ट मिटले. पुन्हा तेच!

"अगं, नीट मीट ना!" हे शेजारच्या मशीनवरून खेकसले.

"मिटलेत हो! आता काय टाके घालू?"

"एक काम धड होत नाही तुझ्याच्यानं. थांब, बघू दे."

खुर्ची सरकली. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"दिसतायत ना मिटलेले?"

त्यांचा थंडगार तळवा माझ्या पापण्यांवर आला.

"उघडू नकोस," ते कुजबुजले. "तिनं अजून मिटले नाहीत."