लॅकी पडला तेव्हा

लॅकी ट्रेलोर टीव्हीवर दिसला आणि गावच्या फुटबॉल क्लबच्या खोलीत एकच गलका झाला. ब्रॉडी हॅनिगनने मात्र मान वर केली नाही. तो दाराशी शेगडीवर सॉसेज भाजत होता.

"अरे ब्रॉडी, बघ तरी! आपला लॅकी!" म्हातारा नेव्ह ओरडला.

"त्यात काय बघायचं? सामन्यात चारदा किक मारायची आणि बाकावर जाऊन बसायचं. याला तिकडे अमेरिकेत फुटबॉल म्हणतात."

"चारदाच मारतो, पण अख्खं स्टेडियम उभं राहतं. तुझे सॉसेज बघायला इथं कुत्रंसुद्धा उठत नाही."

सगळे खो खो हसले. ब्रॉडीने एक सॉसेज उगाचच उलटवला.

रविवारची सकाळ होती. अमेरिकेत अजून शनिवारची संध्याकाळ चालली होती. ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमधल्या त्या गावात गाईंचं दूध काढून झालं की लोक घरी न जाता थेट क्लबवर यायचे, लॅकीची मॅच बघायला. तिकडच्या एका विद्यापीठाने त्याला आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी नेलं होतं. शिक्षण फुकट, राहणं फुकट. काम एकच. आपल्या संघाचं पुढे जाणं अडलं, की चेंडू उंच आणि लांब मारून समोरच्यांना मागे ढकलायचं. पंट म्हणतात त्याला.

ब्रॉडीला हे गिळवत नव्हतं. इथल्या फुटबॉलमध्येही चेंडू हातातून सोडून लाथेने मारतात, आणि गावात खरी किक त्याची होती, लॅकीची नव्हे. चेंडू हातातून कसा सोडायचा, पाय कुठे लागला म्हणजे तो हवेत तरंगत राहतो, हे लॅकीला त्यानेच तर शिकवलं होतं. मेलबर्नच्या मोठ्या क्लबने आधी ब्रॉडीलाच उचललं. पण तिसऱ्याच सामन्यात, सारं गाव टीव्हीसमोर बसलेलं असताना, त्याचा गुडघा गेला. पुढे अमेरिकेसाठी पोरं तयार करणाऱ्या एका प्रशिक्षकाकडे तो चाचणी द्यायला गेला. मारलेले चेंडू गोळा करून आणायला कुणीतरी हवं, म्हणून लॅकीला सोबत नेलं. प्रशिक्षकाने ब्रॉडीचा गुडघा चाचपला, मान हलवली आणि लांब उभ्या असलेल्या लॅकीकडे बोट केलं. "तो मारतो का रे?"

आणि लॅकी म्हणजे कोण? अंगावर कुणी धावून आलं की खांदा चोरणारा. पोरं त्याला ससा म्हणायची. तो ससा आता विमानातून फिरत होता आणि ब्रॉडी बापाच्या गाई पिळत होता.

म्हणून दर रविवारी तो शेगडी स्वतःकडे मागून घ्यायचा. टीव्हीकडे पाठ करायला तेवढंच निमित्त. कान मात्र तिकडेच असायचे. लोकांनी टाळ्या पिटल्या की त्याच्या छातीत काहीतरी टोचायचं. एकदा, फक्त एकदा याची फजिती होऊ दे, असं तो मनातल्या मनात म्हणायचा.

"अरे, अरे, अरे!" नेव्ह किंचाळला.

ब्रॉडी गर्रकन वळला. लॅकीकडे आलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला होता. लॅकीने धावत जाऊन तो उचलला. मारायला ना वेळ होता, ना जागा. समोरून बैलासारखा एक गडी सुटला होता. लॅकीने खांदा चोरला नाही. चेंडू पोटाशी धरून तो सरळ त्याच्या अंगावर गेला. आदळल्याचा आवाज टीव्हीतूनसुद्धा ऐकू आला. लॅकी पडला तो उठेच ना.

नेव्हने डोक्याला हात लावला. आणि ब्रॉडीच्या ओठांवर हसू आलं. त्याने ते आणलं नव्हतं, आपोआप आलं. कित्येक महिन्यांनी त्याची छाती मोकळी झाल्यासारखी वाटली.

लॅकीची आई मॉरीन पहिल्या रांगेत बसली होती. पोराकडे बघवेना म्हणून तिने तोंड फिरवलं होतं, ते नेमकं ब्रॉडीच्या बाजूला. दोघांची नजरानजर झाली.

थोड्या वेळाने लॅकी दोघांच्या आधाराने, एक हात छातीशी धरून, चालत बाहेर गेला. लोकांनी श्वास सोडले. ब्रॉडीने चिमटा खाली ठेवला आणि तो क्लबच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. आत मॅच संपली, गाड्या एकेक करून निघून गेल्या, तरी त्याला हलता येईना.

मॉरीन त्याला शोधत तिथे आली. कानाला फोन होता, तो तिने खाली घेतला.

"गळपट्टीचं हाड मोडलंय. बाकी बरा आहे."

"मॉरीन, मघाशी मी..."

"पाहिलं मी."

"मला तसं नव्हतं..."

"होतं. खोटं बोलू नकोस." तिचा आवाज चढला नव्हता. "तुझा गुडघा गेला त्या दिवशी लॅकी घरी माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या तोंडावर हेच हसू होतं. मी त्याच्या थोबाडीत मारली. मग तो दूध काढायचं तसंच टाकून तुझ्याकडे मेलबर्नला पळाला."

ब्रॉडीला मेलबर्नचं ते हॉस्पिटल आठवलं. शस्त्रक्रियेनंतर डोळे उघडले तेव्हा खुर्चीत लॅकी होता. चिखलाचे बूट, सुजलेले डोळे. आपल्यासाठी रडलाय, एवढंच तेव्हा त्याला वाटलं होतं.

मॉरीनने फोन त्याच्या हातात दिला. "धर. तुझ्याशी बोलायचंय म्हणतोय."

"ब्रॉडी?" औषधाच्या गुंगीतला आवाज आला. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"मजा आली ना रे?" लॅकीने विचारलं.

"आली," ब्रॉडी म्हणाला, आणि टाकीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.