बिघाड आणि स्वभाव

"सगळ्यांनी जरा मागे सरका," जावई म्हणाला. सासूबाई मघापासूनच दारात उभ्या होत्या. सासरे मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. रेकॉर्ड ऐकायच्या त्यांच्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला या घरात दुसऱ्या कोणी बोट लावलं नव्हतं. जावयाने मात्र तो दुरुस्तीसाठी वर्षभर उघडून ठेवला होता.

त्याने वायरीच्या मध्ये एक पिवळा बल्ब जोडला. "आत कुठे शॉर्ट असेल, तर हा भगभगत राहील. मंदावला, की समजायचं सुखरूप."

"आणि तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"माझा एक हात खिशात आहे, आई. विजेला छातीतून जायला वाट नको."

त्याने बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला. लग्नाची बोलणी चालली असताना सासऱ्यांनी जावयाकडे जसं पाहिलं होतं, तसंच आत्ता पाहिलं. मग बल्ब हळूहळू मंदावला. व्हॉल्व्हच्या काचेत निखारे फुलले. जावयाने बटण बंद केलं, बल्ब काढला आणि थेट वीज दिली. धूर नाही, वास नाही.

सासऱ्यांनी स्पीकरला कान लावला. "गेलाय."

"चालू आहे, बाबा."

"मग गुणगुण कुठाय?"

"ती काढली. तो बिघाड होता."

"इतकी वर्षं," सासरे म्हणाले, "मी तिला याचा स्वभाव समजत होतो."

जावयाचा चेहरा उतरला. वर्षभर राबला होता तो या माणसाच्या तोंडून 'बरं झालंय' एवढं ऐकायला, आणि नेमकी आवडती गोष्टच दुरुस्त करून बसला होता.

"रेकॉर्ड तरी लावा," सासूबाई म्हणाल्या. "शोकसभा नंतर घ्या."

सासऱ्यांनी नेहमीची रेकॉर्ड लावली. रेकॉर्डमधल्या बाई गाऊ लागल्या. पहिली ओळ संपली आणि सासरे ताठ झाले. सुई उचलून त्यांनी ती पुन्हा सुरुवातीला ठेवली. ओळ संपली. पुढची सुरू व्हायच्या आत, अगदी बारीक, काहीतरी आलं.

"या श्वास घेतात!" शेजारची भानगड कळल्यासारखे ते कुजबुजले.

"माणसं घेतात," सासूबाई म्हणाल्या.

"आजवर त्या गुणगुणीत कधी घेतला नव्हता." ते सरकले, अर्धी खुर्ची मोकळी केली. "जावईबापू, लांब काय उभे? इथे बसा. आणि आता सगळ्यांनी आपापला श्वास धरा."

सुई टेकली. तिघांनी श्वास धरला. सासूबाईंनीसुद्धा.