धुळ्याची फळी

जिना चढता चढता अभिमननं खिशातला मोबाइल चाचपून पाहिला. खाली अंगणात पुतणीची, दीपमालाची हळद चालली होती. जळगावच्या या घरात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. पोरगी स्वतः धुळ्याला येऊन पत्रिका देऊन गेली. "काका, तुम्ही आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही," म्हणाली. म्हणून तो आला. एरवी थोरल्या भावाशी, झुलालशी त्याचं बोलणं तुटलं, ते ही पोरगी जन्मायच्याही आधी.

मोबाइलमध्ये त्याच्या रेल्वेचा व्हिडिओ होता. तो झुलालला दाखवायचा, एवढंच मनाशी ठरवून तो निघाला होता.

ती रेल्वे मुळात दोघांची. शाळेत असताना गल्ली नंबर चारमधल्या घराच्या माळ्यावर दोन लांब फळ्या बोल्टनं जोडून त्यांनी अख्खी चाळीसगाव-धुळे लाइन मांडायला घेतली होती. एका फळीवर चाळीसगाव, दुसरीवर धुळं. वाळू चाळून तिची खडी केली. तुरीच्या काड्यांना हिरवा भुसा चिकटवून बाभळी केल्या. पुढे दोघं नोकरीला लागले, लग्नं झाली, तरी सुटीचा दिवस माळ्यावरच जायचा. झुलालनं स्टेशनं बांधायची, अभिमननं तारा जोडून गाड्या पळवायच्या. मग वडील गेले आणि घरातल्या एका भिंतीवरून बोलणं वाढलं. झुलालनं बिऱ्हाड जळगावला हलवलं. निघताना त्यानं माळ्यावर जाऊन बोल्ट खोलले आणि धुळ्याची फळी टेम्पोत चढवली.

भिंतीचं अभिमन विसरलाही असता. फळीचं मात्र त्याच्या मनाला लागलं. धुळं सोडून निघालेला माणूस धुळंच उचलून घेऊन गेला.

त्यानं जिद्दीनं नवं धुळं केलं. स्टेशनवर जाऊन तासन् तास बसला. तिकिटाची खिडकी, पाण्याचे नळ, छपराचे खांब, सगळं टिपून आणलं आणि पुठ्ठ्यातून कापून काढलं. एक दिवस गाडी चाळीसगावहून सुटली आणि जामदा, राजमाने, शिरूड करत पुन्हा धुळ्यात शिरली. शेजारीपाजारी बघायला आले, वाखाणून गेले. अभिमनला आनंद झाला, पण पुरता नाही. गाडी धुळ्यात शिरताना अजून एका माणसानं बघायला हवं, असं त्याला दर वेळी वाटायचं. मग तो स्वतःवरच चिडायचा. त्याला काय दाखवायचं? दाखवायचंच तर एवढं, की तुझ्यावाचून काही अडलं नाही.

"ते वर शेतस," नूतनवहिनी मघाशी म्हणाल्या होत्या. "जा ना वर, अभिमनभाऊ."

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीपायरीवर पाहुण्यांच्या बॅगा, उशा, आहेराची गाठोडी. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालीसुद्धा कुणीतरी सतरंजी अंथरली होती. अभिमन वाट काढत वरच्या खोलीच्या दाराशी आला आणि तिथेच थबकला.

भिंतीला लागून धुळ्याची फळी होती. पण ती नुसती स्टेशनाची राहिली नव्हती. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथून रस्ते फुटत, वळत गल्ली नंबर चारपर्यंत गेले होते. गल्लीत त्यांचं घर होतं, ओसरीवर वडिलांची खाट होती. ज्या घरात अभिमन आजही राहत होता, ते घर त्याला आपल्या रेल्वेत करावंसं कधी सुचलं नव्हतं. स्टेशनातून निघालेले रूळ मात्र मोहाडीच्या अंगानं फळीच्या काठापर्यंत येऊन तुटले होते. पुढे भिंतीशी मोकळी फरशी. लग्नघरात तेवढ्या जागी एक पिशवीसुद्धा नव्हती.

झुलाल पाठमोरा उभा होता. पाठीला बाक आला होता. वहिनींचे भाऊ जीवराम दोन्ही हातांत गाद्या घेऊन त्या मोकळ्या जागेकडे निघाले होते.

"आठे नही, जीवरामभाऊ," झुलाल म्हणाला.

"मग कोठे टाकू? बठ्ठं घर भरेल शे. आठेच तर जागा शे."

"व्हरांड्यामा टाका. आठे काही ठेवानं नही." झुलालनं पायानं फरशीवरचा एक कागदाचा कपटा बाजूला सारला. "अभिमननी चाळीसगावनी फयी येवानी शे."

जीवराम गाद्या घेऊन वळले तेव्हा झुलालही वळला. दारात भाऊ उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

अभिमननं मोबाइल काढला. व्हिडिओ समोरच होता. त्यानं तो बंद केला आणि धुळ्याला मुलाला फोन लावला.

"योगेंद्र, उद्या लग्नाले येशी तव्हय टेम्पो करीसन ये. माळ्यावर जाय, रेल्वेना बोल्ट खोल. चाळीसगावनी फयी लई ये."

पलीकडून योगेंद्रनं धुळ्याच्या नव्या फळीचं विचारलं. अभिमन भावाच्या तोंडाकडे पाहत होता.

"ती नको," तो म्हणाला. "धुये आठेच शे."