मिनिटांचा रकाना

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा तो रेडिओ केंद्रात लाखभर गाण्यांची यादी नव्या डेटाबेसमध्ये चढवत होता. यादी तिनंच केंद्राच्या लायब्ररीत बसून अकरा वर्षं टाइप केलेली. महिन्यानं तो कामावर परतला, तरी घोडं तिथंच अडलेलं. चार-चार तास फाइल चढायची आणि एका ओळीपाशी येऊन सगळीच्या सगळी मागे फिरायची.

"वहिनींनी कुठंतरी आकड्याच्या जागी अक्षरं लिहिली असतील," साहेब म्हणाले. "तिथं शून्य टाक आणि मोकळा हो बाबा."

"घरात चमचा इकडचा तिकडे झाला तरी मला बोलायची," तो चिडून पुटपुटला, "आणि इथं स्वतःच घोळ घालून गेली!"

सातव्या खेपेला फाइल परत फिरली, तेव्हा त्यानं हातानं शोधून ती ओळ काढली. गाणं किती मिनिटांचं, त्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'हे रोज "उद्या ऐकू" म्हणतात. दोघं बसून ऐकलं की आकडा भरते.'


शून्य त्यानं टाकलं नाही. गाणं अजून ऐकायचं राहिलंय.