केतकीचा थकवा

"मॅडम, आळसाला औषध नसतं," कबड्डीचे मास्तर हणमंतराव गुरव म्हणाले. त्यांची पंधरा वर्षांची लेक केतकी चार महिने अंथरुणाला खिळली होती आणि त्यांना तिला उद्याच क्रीडा वसतिगृहात धाडायचं होतं.

केतकीच्या खाटेशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर नाझनीन मुल्ला यांनी दुसऱ्याला जाणवतं ते अनुभवायला लावणारी संवेदनपट्टी पुढे केली. आजारी मुलाचा थकवा स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिल्याशिवाय पालकाला त्याच्यावर सक्ती करता येत नसे, असा आता कायदाच होता.

"आणा! सकाळीच शंभर बैठका मारून आलोय," म्हणत त्यांनी पट्टी कपाळाला बांधली. क्षणात हात शिशासारखे जड झाले. समोरचा पाण्याचा पेलाही उचलवेना.

"हा आजचा थकवा," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पट्टीवरची नोंद बदलली. "शाळेत दरवर्षी मुलांच्या मनाची नोंद घेतात ना, त्यातली ही तिच्या आठव्या वर्षाची."

हात हलके झाले, पण छातीत असा काळोख दाटला की कुणाशी बोलावंसंच वाटेना. त्या वर्षी ते पाहुण्यांना कौतुकानं सांगत, "पोर गुणाची आहे, घरात असून नसल्यासारखी."

"सगळ्यांचं असं होत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या, "पण अशा उदासीबद्दल वर्षानुवर्षं कुणी विचारलंच नाही, तर ती पुढे थकवा होऊन अंगात उतरू शकते."

हणमंतरावांनी पट्टी सोडली आणि ते लेकीच्या खाटेशी जमिनीवरच बसले.

"केतू, तेव्हा काय होत होतं गं तुला?"

"सांगेन, बाबा. आज बोलायचंही त्राण नाही."

"मग उद्या सांग. नाहीतर परवा. मी इथंच आहे."