लाल बाण

जामखेडच्या डोंगरावर प्राध्यापक नीलांबरीबाई अभंग गुणगुणत संशोधनासाठी दगड निवडत होत्या. जो दगड न्यायचा, त्यावर आधी लाल बाण काढायचा, ही भूगर्भशास्त्रातली रीत.

बाईंनी बाण काढलेला खडक त्यांचा विद्यार्थी इम्रान फोडू लागला. टाळासारखा खणखणत तो दुभंगला. आतही बाण होता, लाल आणि ओला.

“मॅडम, आपल्या आधीच कुणी पीएचडी करून गेलं का काय?” इम्रान हसला.

“अरे, लाव्हा थिजल्यापासून याच्या आत वारासुद्धा शिरलेला नाही. चल, आधी गाडीत बस!”

“हातोडी तर घेऊ द्या,” म्हणत तो वाकला. त्याच्या मानेवर ओला लाल बाण होता.

“पांडुरंगा!” बाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात पायाखालच्या कातळातून, अगदी आतून, हातोडीचा पहिला घाव ऐकू आला.